उन्हाने रापलेली त्वचा : उपचार आणि निवारण

(मंडळाच्या कुंडल येथील वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानासाठी विषय कोणता घ्यावा, असे चिटणीसांनी विचारले तेव्हा आम्ही दमा, संधिवात, मधुमेह असे दोनतीन भारदस्त विषय सुचविले होते. महिला शाखेकडून मात्र निरोप आला की, उन्हाने काळवंडलेल्या त्वचेवर काही सांगावे. प्रथम आम्हांस हा विषय किरकोळ वाटला, हे कबूल करतो. परंतु गेल्या उन्हाळ्यातील दवाखान्याची वही उघडून पाहिली, तेव्हा चेहऱ्याचा, मानेचा अगर हातांचा काळेपणा घेऊन आलेली मंडळी दम्याच्या रुग्णांहून अधिक भरली. आणि त्यांतील कित्येकांची त्वचा उन्हाने जेवढी बिघडली नव्हती, तेवढी उपायांनी बिघडली होती. तेव्हा महिला शाखेचे म्हणणेच बरोबर होते.

आपण कुंडलची माणसे उन्हाला परकी नाही. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशीच्या आसपास जातो. नेमक्या त्याच दिवसांत, म्हणजे एप्रिलमध्ये, द्राक्षबागांची खरड छाटणी असते. छाटणी झालेल्या वेलीला पान नसते, म्हणून मांडवाखाली सावलीही नसते. त्या उन्हात आपल्या घरच्या व मजुरीवर आलेल्या बायका दिवसभर हात वर करून उभ्या असतात. ऊसतोडणीच्या टोळ्यांची कथा निराळी सांगावयास नको. आता जरा बेदाण्याच्या शेडकडे पाहा. आपल्या पलूस-तासगावकडचा हिरवा बेदाणा उघड्या उन्हात कोणी वाळवीत नाही. घड द्रावणात बुडवून शेडमधील जाळ्यांवर पसरतात आणि चोहोंबाजूंनी हिरवे कापड सोडतात, कारण थेट ऊन लागले तर बेदाणा तांबूस-काळसर होतो आणि सौद्यात भाव पडतो. मण्याला ऊन लागू नये म्हणून एवढी तजवीज करणारे आपण लोक, तो घड तोडणाऱ्या बाईच्या डोक्यावर काय असते याचा विचार फारसा करीत नाही. हा विचार आमच्याही मनात फार उशिरा आला.

रापणे म्हणजे काय, हे आधी पाहू. त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी रंग निर्माण करणाऱ्या पेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचे काळसर द्रव्य तयार करून आजूबाजूच्या पेशींना वाटतात. आणि ते द्रव्य पेशीच्या गाभ्यावर टोपीसारखे बसून सूर्याच्या अतिनील किरणांपासून त्याचे रक्षण करते. ऊन वाढले की हा पुरवठा वाढतो. म्हणजे रापणे ही त्वचेने स्वतःच उघडलेली छत्री होय. ऊन लागल्यावर लगेच येणारी काळसर झाक काही तासांत ओसरते. खरा राप दोनतीन दिवसांनी चढू लागतो आणि वरच्या पेशी झडून नव्या येईपर्यंत, म्हणजे निदान चार आठवडे, राहतो. पुढे उन्हात जाणे थांबले तर तो आपल्या पायांनी जातो. उन्हात जाणे चालूच राहिले, तर जगातील कोणताही लेप तो घालवू शकत नाही, कारण छत्री मिटावयाची आणि पाऊस चालूच, हे शरीर मान्य करीत नाही.

आता आयुर्वेद काय म्हणतो ते पाहू. सुश्रुताचार्यांनी त्वचेचे सात थर सांगितले आहेत. सर्वांत वरच्या थराला त्यांनी ‘अवभासिनी’ हे नाव दिले. सर्व वर्णांचे प्रकाशन तिच्यातून होते. तिच्याखालच्या ‘लोहिता’ नावाच्या थरात त्यांनी तीळ, न्यच्छ व व्यंग यांचे स्थान मानले. व्यंग म्हणजेच आपण ज्याला ‘वांग’ म्हणतो ते. उथळ राप लवकर जातो आणि खोल बसलेला वांग वर्षानुवर्षे हटत नाही, हा आजचा रोजचा अनुभव त्या विभागणीशी बराच जुळतो. त्वचेत राहणाऱ्या पित्ताला भ्राजक पित्त म्हटले आहे. अभ्यंग, लेप इत्यादींचे पचन ते करते आणि कांती उजळविते, अशी कल्पना आहे. तीव्र उन्हाने हे पित्त प्रकुपित होते, दाह होतो, त्वचा कोरडी पडते. म्हणून वैद्याची दिशा ठरलेली : आधी दाह शमवावयाचा, मग स्निग्धता आणावयाची, आणि वर्णाचे काम निसर्गावर सोपवावयाचे.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात आरंभीच मनुष्याच्या प्रकृतिवर्णांची, म्हणजे निरोगी माणसाच्या स्वाभाविक रंगांची, गणना आली आहे. तीत कृष्ण आहे, श्याम आहे, श्यामावदात म्हणजे आपला गव्हाळ आहे, आणि अवदात म्हणजे गौर आहे. चारही स्वाभाविक. लगेच पुढे विकृतीचे वर्ण सांगितले आहेत, त्यांत निळा, तांबडा, हिरवा यांच्या जोडीला शुक्ल म्हणजे पांढरा रंग आहे. कृष्ण वर्ण रोगांच्या यादीत नाही. पांढरा पडणे मात्र आहे. आयुर्वेदाच्या नावाने गोरेपणा विकणाऱ्यांनी हा अध्याय वाचलेला दिसत नाही. ग्रंथांत ‘वर्ण्य’ म्हणून जी दहा द्रव्ये एकत्र सांगितली आहेत (चंदन, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, सारिवा म्हणजे अनंतमूळ, पद्मकाष्ठ वगैरे) ती ज्याचा जो वर्ण आहे तो निर्मळ व तेजस्वी करण्यासाठी आहेत. काळ्याचा गोरा करण्यासाठी नाहीत.

प्रत्यक्ष उपचारांकडे वळू. उन्हातून आल्यावर त्वचा लाल होऊन चुणचुणत असेल, तर प्रथम गार पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात. बर्फ थेट घासू नये. त्यानंतर कोरफडीचा गर लावावा. परंतु पान तोडल्यावर ते थोडा वेळ उभे करून ठेवावे व त्यातून निथळणारा पिवळा, कडू चीक काढून टाकावा, कारण त्या चिकाने नाजूक त्वचेला खाज सुटते. दाहावर आम्हांस सर्वांत गुणकारी वाटते ते शतधौत घृत. गाईचे तूप तांब्याच्या परातीत घ्यावे, गार पाणी घालून तांब्याच्या तळाने अगर तळहाताने घोटावे, पाणी ओतून द्यावे, पुन्हा नवे घालावे. असे शंभर वेळा करता तुपाचा वास व पिवळेपणा जाऊन लोण्याहून हलके, पांढरेशुभ्र मलम तयार होते. घरोघरी हे पूर्वी होत असे. हल्ली तयार डबी मिळते, आणि ती शंभर वेळा धुतली की दहा वेळा, हे सांगणे कठीण. फोड आले असल्यास ते फोडू नयेत, त्यांवर काहीही चोपडू नये, आणि सोबत ताप, ओकारी, गुंगी असेल तर तो उष्माघाताचा प्रकार असू शकतो. तेथे लेपाचा विचार न करता माणसाला सावलीत घेऊन, अंग ओले करून, वारा घालीत तत्काळ रुग्णालयात न्यावे.

दाह शमल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून, आठवड्यातून दोन वेळा सौम्य लेप चालेल. मसुराचे पीठ दुधात भिजवून, त्यात सहाणेवर उगाळलेले ज्येष्ठमध व मंजिष्ठा घालावी. लेप पूर्ण वाळून ताणू लागण्यापूर्वीच, तो ओला असताना, पाण्याने सोडवून काढावा. वाळलेला लेप खरवडल्याने उलट डाग पडतात. अस्सल चंदन आता दुर्मीळ व महाग झाले आहे. स्वस्त चंदनभुकटी म्हणून जे विकले जाते, त्यात पुष्कळदा दुसऱ्याच लाकडाचा भुसा व अत्तर असते. त्यापेक्षा वाळा बरा. रात्री कुंकुमादि तेलाचे दोन थेंब लावण्यास हरकत नाही, मात्र ज्यांच्या चेहऱ्यावर मुरमे येतात त्यांनी त्याच्या वाटेस जाऊ नये.

हळदीबद्दल आपल्या जिल्ह्यात बोलावयाचे म्हणजे काशीत गंगेबद्दल बोलण्यासारखे आहे. सांगलीची बाजारपेठ हळदीसाठी देशभर प्रसिद्ध; २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरी जपूनच सांगतो. पेठेतील सुटी, डोळ्यांत भरणारी पिवळीजर्द पूड चेहऱ्याला लावू नये. रंग खुलविण्यासाठी हळदीत शिशाचे क्रोमेट मिसळण्याचे प्रकार देशात उघडकीस आलेले आहेत, आणि शिसे पोटात जाणे लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. घरी हळकुंड आणून सहाणेवर उगाळावे. चिमूटभर पुरे. हळद लावून उन्हात बसू नये.

आता आमची एक चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वैद्यकीच्या पहिल्या वर्षांत बागेत काम करणारी एक बाई आमच्याकडे आली. हात रापले आहेत, काही साधे औषध द्या, म्हणाली. आम्ही सहज सांगितले, “बाई, लिंबाची फोड चोळीत जा.” तिने तसे केले, आणि सकाळी लिंबू चोळून ती बागेत गेली. आठ दिवसांनी परत आली तेव्हा दोन्ही हातांवर, जेथे जेथे रस ओघळला होता तेथे तेथे, फोड येऊन गेलेले काळे ओघळ होते. ते पट्टे पुसट होण्यास कित्येक महिने लागले. ती आम्हांस काही बोलली नाही; लग्नात बांगड्या भरावयाच्या होत्या म्हणून लांब बाह्यांचे पोलके शिवून घेतले, एवढे मात्र तिच्या जावेने सांगितले. लिंबाच्या सालीत व रसात अशी द्रव्ये असतात की ती त्वचेवर असताना ऊन लागले, तर त्वचा भाजून काळी पडते. अंजिराच्या चिकातही तीच असतात. खेदाची गोष्ट अशी की हे आम्हांस माहीत असावयास हवे होते. कोडावर बावची देऊन उन्हात बसविण्याची जुनी पद्धत याच गुणावर चालते. तेथे त्वचेला काळे करावयाचे असते. जे शास्त्र काळे करण्यासाठी शिकलो, तेच आम्ही गोरे करण्यासाठी वापरून बसलो! तेव्हापासून लिंबू पिण्यास सांगतो, चोळण्यास नाही.

दुसरी सावधगिरी अशी की, काळेपणा दिसला म्हणजे तो उन्हाचाच, असे समजू नये. मानेच्या मागे, काखेत मखमलीसारखा जाड काळेपणा येत असेल, तर तो मळ नव्हे व रापही नव्हे. पुष्कळदा ती वाढते वजन व मधुमेहाची पूर्वसूचना असते. आया अशा मुलींच्या माना घासणीने घासतात, आणि घासून घासून अधिक काळ्या करतात. त्या मुलीच्या रक्तातील साखर तपासावी. शेतावर राबणाऱ्यांच्या पापण्या, मान, कोपराची खोबण येथे खाज सुटून त्वचा जाड व काळी होत असेल, तर गाजर गवताचा संशय घ्यावा. १९५५ च्या सुमारास पुण्याकडे प्रथम नजरेस आलेले हे तण आज बांधाबांधावर आहे आणि त्याच्या कणांनी होणारा त्वचाविकार ऊन लागल्याने वाढतो. तसेच फळछाटणीनंतर डोळे फुटण्यासाठी जी पेस्ट काड्यांना लावतात, ती त्वचेला जाळणारी असते. हातमोज्यांवाचून तिला शिवू नये. गालांवर दोन्हीकडे सारखा उमटलेला तपकिरी वांग बहुधा गर्भारपणात अगर गर्भनिरोधक गोळ्यांनी येतो व उन्हाने गडद होतो. सुश्रुताने व्यंगाचे कारण क्रोध व श्रम सांगितले आहे. आमच्या दवाखान्यातील भगिनींचा दिनक्रम ऐकला म्हणजे, ते कारण फारसे चुकीचे वाटत नाही.

आता ज्यासाठी आम्ही खरे म्हणजे हा विषय पत्करला, त्या गोष्टीकडे येतो. दोन वर्षांपूर्वी आपल्या समाजातील एक मुलगी आईबरोबर आली. पदवीधर, हुशार. पाहुणे येऊन गेले होते आणि ‘मुलगी सावळी आहे’ असा निरोप मध्यस्थामार्फत आला होता. आईने कोणाच्या तरी सांगण्यावरून दुकानातून एक लहान नळी आणली. पंधरा दिवसांत चेहरा उजळला, घरात आनंद झाला. चार महिन्यांनी आमच्यापुढे आली तेव्हा गालांची त्वचा कागदासारखी पातळ, तांबडीलाल, तीत सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे, हनुवटीवर लव व मुरमे. उन्हात पाऊल टाकताच आग होई, आणि नळी बंद केली की दोन दिवसांत चेहरा सुजे. ते मलम स्टिरॉइडचे होते. अशी मलमे काही रोगांवर उत्तम औषधे आहेत. चेहरा उजळविण्यासाठी ती नाहीत. २०१८ साली केंद्र शासनाने अशा अनेक मलमांची डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विक्री बंद केली आहे, तरी ती मिळतात. नळीवरील बारीक अक्षरे वाचावीत. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल अशी नावे दिसली की, शेवटी ‘सोन’ आले म्हणून त्याला सोने समजू नये. त्या मुलीला आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठविले. ते काम आमच्या लेपांचे नव्हते. सुमारे वर्षाने चेहरा बराच सुधारला.

‘आयुर्वेदिक’ असे छापले म्हणजे निर्धास्त व्हावे, असेही नाही. आम्ही वैद्य असून हे सांगत आहोत. २०२३ च्या आरंभी वृत्तपत्रांतून आले होते की, अकोल्याच्या एका कुटुंबातील तिघींना गोरेपणाच्या मलमाने मूत्रपिंडाचा विकार जडला आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या तपासात त्या मलमात पारा सापडला. पारा त्वचेतील रंग तयार होण्याची क्रिया रोखतो, म्हणून चेहरा उजळतो. मग तो रक्तात जातो. ज्या डबीवर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक व घटक छापलेले नाहीत, ती कोणीही दिली तरी घरात ठेवू नये.

निवारणाविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते सोपे आहे आणि म्हणूनच कोणी करीत नाही. अकरा ते तीन ही वेळ टाळता आली तर निम्मे काम झाले. मालकांनी छाटणीची पाळी पहाटे लवकर सुरू करून दुपारी सोडावी. काम तेवढेच होते, हे आपल्यातील काही बागायतदारांनी करून पाहिले आहे. साडीवर पुरुषी सदरा घालून, पदर डोक्यावर घेऊन वर टॉवेल बांधण्याची आपल्या बायकांची पद्धत अतिशय शास्त्रीय आहे. सदरा मात्र घट्ट विणीचा, लांब बाह्यांचा असावा. ढगाळ दिवशीही अतिनील किरण पोहोचतात, आणि मोटारीच्या काचेतून त्यांतील काही आत येतातच. शहरात राहणाऱ्या मंडळींनी ऊनरोधक मलम लावण्यास आमची हरकत नाही. ३० क्रमांकाचे पुरे, परंतु ते पुरेसे जाड आणि दर दोन तासांनी लावले तरच. आहारात ज्वारीची आंबील, ताक, आवळा, वाळा घातलेले माठातील पाणी, सब्जा, कांदा. यांनी रंग बदलत नाही. अंगातील पाणी टिकते.

आणि सूर्याला शत्रू मानू नये. कुंडल हे १९४८ पर्यंत औंध संस्थानातले गाव. श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कार घालावयास लाविले. आमचे तीर्थरूप त्याच शाळेत शिकलेले, आणि सत्तरी उलटेपर्यंत त्यांचा नमस्कार चुकला नाही. रंग म्हणाल तर तव्यासारखा. तोच रंग पुढे प्रतिसरकारच्या काळात याच माळांवर कवायत करणाऱ्या तुफान सेनेच्या पोरांचा होता. ड जीवनसत्त्वासाठी हातापायांवर थोडे ऊन हवेच. ते अगदी उगवतीच्या उन्हात फारसे बनत नाही, दहाच्या सुमारास पंधरावीस मिनिटे बरी.

शेवटी कार्यकारी मंडळास एक विनंती. आपल्या या स्मरणिकेच्या मागील पानांत वधूवरांची माहिती छापली जाते. त्या अर्जात शिक्षण, उंची, नोकरी यांच्या पुढे ‘वर्ण’ असा एक रकाना आहे. आम्ही मागील अंक चाळले. त्या रकान्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ हे तीनच शब्द आढळले. एवढ्या उन्हाच्या मुलखात एकही मुलगी सावळी नाही! प्रत्येक बापाने तेथे थोडे खोटे लिहिले आहे, आणि ते खोटे खरे करून दाखविण्यासाठी आया दुकानातून नळ्या आणीत आहेत. तो रकाना पुढील वर्षापासून अर्जातून काढून टाकावा, असा ठराव आजच्या सभेपुढे यावा. आम्ही तो मांडण्यास तयार आहोत, अनुमोदनास कोणी भगिनी उभ्या राहिल्यास अधिक बरे.

बाहेरच्या ओट्यावर तांब्याची परात, शेरभर तूप आणि दोन घागरी गार पाणी मांडून ठेविले आहे. शतधौत घृत करून दाखवावयाचे आहे. शंभर वेळा धुवावयाचे असल्याने हात पाळीपाळीने लागतील; पुरुष मंडळींनीही यावे.